जुन्या होड्या मोडीत काढण्यापूर्वी सेंटरबोर्डची पेटी तपासा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिडाच्या होड्यांच्या शर्यतींविषयी आलेला लेख वाचला. ऑप्टिमिस्ट आणि लेझर यांसारख्या फायबरग्लासच्या होड्यांवर आपल्याकडील मुले-मुली तयार होत आहेत, हे वाचून आनंद झाला. मात्र त्याच लेखात ओघात असे म्हटले आहे की, जुन्या प्लायवूडच्या होड्या गळक्या असून दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात आणि म्हणून त्या मोडीत काढण्यावाचून गत्यंतर नसते. या विधानाशी मी सहमत नाही. तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत सुतारकाम शिकवून मी निवृत्त झालो असून, अशा होड्यांची दुरुस्ती हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. माझ्यापुढे गळकी म्हणून आलेल्या बहुतेक होड्यांचे तळ आणि कडा शाबूत होत्या. दोष होता तो सेंटरबोर्ड (तळाच्या फटीतून पाण्यात सोडायची फळी), त्याची पेटी (वर घेतलेली फळी जिच्यात बसते ती) आणि ती पेटी तळाला जिथे बसते तो सांधा, एवढ्याच भागात. हा दोष साधा सुतार, थोडी शिस्त आणि कोरडी हवा यांच्या बळावर बरा होतो, एवढेच मला या पत्राद्वारे मांडायचे आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. शिडात वारा भरला की होडी पुढे जाते, तशी ती आडवीही सरकते. हे आडवे सरकणे थांबवण्यासाठी पाण्याखाली काहीतरी खोल असावे लागते. आपल्या कोकणातील मचव्यांना त्यासाठी खोल पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा, असतो. शर्यतीच्या छोट्या होडीला उथळ पाण्यातून काठावर यायचे असते, म्हणून तिच्या तळाला मधोमध लांबट फट ठेवून त्यातून एक फळी खाली सोडलेली असते. ऑप्टिमिस्ट आणि लेझर यांच्यात ही फळी वरून सरळ खाली घालतात आणि सरळ वर उपसून काढतात. त्यामुळे ती रोज डोळ्यांसमोर असते. जुन्या होड्यांत मात्र ती एका पिनेभोवती फिरून पेटीत दडते. पाण्यात असताना ती दिसत नाही आणि काठावर आल्यावर पेटीत असते, म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणीही पाहत नाही. नव्या होड्यांवर शिकलेल्या प्रशिक्षकांना या जुन्या रचनेची सवय नसते, यात त्यांचा काही दोष नाही. पण होडी मोडीत काढण्याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच शब्दावर होतो.

मी मुख्यतः एंटरप्राइज या वर्गाच्या, म्हणजे एकाच ठरलेल्या आराखड्याच्या, होडीविषयी लिहीत आहे, कारण भारतातील क्लबांमध्ये आणि सैन्यदलांच्या नौकानयन केंद्रांमध्ये ती एके काळी घरोघरच्या सायकलीइतकी परिचित होती. जॅक होल्ट या इंग्लिश आरेखकाने 1956 साली तिची रचना केली. लांबी सुमारे 4.04 मीटर, दोन माणसांची, निळ्या शिडांची, आणि प्लायवूडचे सपाट तक्ते जोडून हौशी माणसालाही बांधता यावी अशी ती होडी होती. संपादक महोदय, आपल्याला विशेष वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे या होडीला लोकांपर्यंत नेले ते न्यूज क्रॉनिकल या लंडनच्या दैनिकाने. ते दैनिक 1960 साली बंद पडले, होडी मात्र टिकली. पुढे काही वर्षांनी डेली मिररनेही याच होल्ट यांना हाताशी धरून मिरर नावाची लाल शिडांची होडी लोकांपुढे आणली. वृत्तपत्रांनी वाचकांना सुतारकामाला लावण्याचे ते दिवस आता गेले, पण त्या काळात तयार झालेल्या आणि त्या आराखड्यांवर आपल्याकडे बांधलेल्या होड्या अजून शेडमध्ये पडून आहेत.

या होड्यांना आपल्या पाण्यात इतिहासही आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि एंटरप्राइज वर्गातील सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने नेले. फायरबॉल आणि एंटरप्राइज या दोन्ही प्लायवूडच्या युगातील, फिरत्या सेंटरबोर्डच्या होड्या आहेत. त्याहून जुने उदाहरण हवे असेल तर 1898 च्या सुमारास इंग्लंडमध्ये आखल्या गेलेल्या सीबर्ड जातीच्या होड्या मुंबई बंदरात अनेक दशके शर्यतींत उतरत आल्या आहेत. लाकडी होडीला ठरावीक आयुष्य असते आणि ते संपले की ती संपली, हा समज त्यामुळे मुळातच टिकत नाही.

आता प्रत्यक्ष दोषाकडे वळतो. सेंटरबोर्ड खाली-वर होत नाही आणि होडीत पाणी येते, अशा दोन तक्रारी बहुधा एकत्र येतात. त्यांची कारणे मात्र वेगवेगळी असतात, आणि ती वेगळी न करताच दुरुस्तीला हात घातल्याने बरीच नासधूस होते.

फळी अडकण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे फटीत अडकलेले बाहेरचे काहीतरी. मुंबईच्या बंदरात ओहोटीच्या वेळी होडी चिखलात टेकली की गाळ पेटीत दाबून बसतो आणि वाळल्यावर त्याचा सिमेंटसारखा थर होतो. खडकवासल्यासारख्या धरणाच्या काठावर होडी ओढताना मुरमाचा एखादा खडा फळी आणि पेटी यांच्यामध्ये पाचरीसारखा शिरतो. अशा वेळी वरून हातोडीने फळी ठोकण्याचा मोह होतो. तसे केल्यास खडा आणखी घट्ट बसतो आणि पेटीची बाजू आतून चिरते. होडी जुन्या टायरांवर कुशीवर कलती करावी, खालच्या बाजूने नळीने गोडे पाणी सोडावे आणि हॅक्सॉच्या पात्यासारखी पातळ पट्टी फटीतून लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावी. स्क्रूड्रायव्हरने फटीच्या कडा उचकटू नयेत. तिथले लाकूड मोडले की पाण्याला आत जायला कायमची वाट मिळते.

दुसरे कारण फळी फुगण्याचे. तिच्यावरचा रंग किंवा वॉर्निश एखाद्या ठिकाणी, विशेषतः पिनेच्या भोकात आणि खालच्या टोकाला, उडाले की लाकूड पाणी पिते. फुगलेली फळी ताबडतोब रंध्याने तासणे हा सर्वांत चुकीचा उपाय आहे, कारण वाळल्यावर ती प्रमाणापेक्षा पातळ होते, पेटीत खडखडू लागते आणि वर्गाच्या मापनियमांतही बसत नाही. फळी काढावी, खाऱ्या पाण्यातली असेल तर दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवावी, कारण लाकडात मुरलेले मीठ हवेतला दमटपणा ओढत राहते, आणि मग सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उभी ठेवून काही आठवडे सुकू द्यावी. वाळल्यावर बहुतेक फळ्या आपल्या मूळ जाडीला येतात. वाक आलेली फळी मात्र वजने ठेवून सरळ होत नाही. झाली तरी पाण्यात पुन्हा वाकते. अशी फळी नवीनच करावी, आणि ती एकाच रुंद तक्त्यातून न काढता अरुंद पट्ट्या एकमेकींचे रेषे उलटसुलट ठेवून चिकटवून करावी, म्हणजे एका पट्टीचा वाक दुसरी अडवते. पुढची कड गोलसर आणि मागची निमुळती ठेवावी. चौकोनी कडांची फळी पाण्यात घरघरते आणि होडीचा वेग खाते.

आता गळतीविषयी. इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण याच ठिकाणी चांगल्या होड्या विनाकारण बाद होतात. होडीत साचलेले पाणी तळाच्या सर्वांत खोल भागात जमते, आणि तो भाग नेमका पेटीच्या पायथ्याशी असतो. त्यामुळे पाणी कुठूनही आले तरी दिसते पेटीपाशीच. मग पेटीच्या कडेने बाजारातली पुट्टी थापली जाते, ती पुढच्या हंगामात सुटते, तिच्यावर आणखी एक थर चढतो, आणि शेवटी होडी दुरुस्त होण्याजोगी नाही असा शेरा पडतो. हे टाळण्यासाठी पाण्यात न उतरता करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. होडी लाकडी घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) सरळ ठेवावी, आतून पूर्ण कोरडी करावी, पिन जागेवर ठेवून तळाची फट बाहेरून रुंद चिकटपट्टीने बंद करावी. आत पेटीच्या पायथ्याच्या सांध्याला लागून आणि पिनेच्या दोन्ही टोकांभोवती पांढऱ्या खडूची भुकटी चोळावी. मग पेटीत वरून पाणी भरावे, होडी तरंगताना जिथपर्यंत पाणी असते त्याच्या थोडे वर. यानंतर घाई करू नये. काही वेळाने खडूच्या पांढऱ्या पट्ट्यात एखाद्या ठिकाणी राखाडी ठिपका उमटतो, तो हळूहळू लांबतो आणि त्याचे टोक ज्या बाजूला गडद असते तिथे भेग असते. पुष्कळदा तो ठिपका पायथ्याशी न उमटता पिनेच्या वॉशरखाली उमटतो, आणि साऱ्या गळतीचे मूळ एका झिजलेल्या रबरी वॉशरमध्ये असल्याचे कळते.

पिनेचे भोक लंबगोल झाले असेल तर जाड पिन घालून भागत नाही. भोक मोठे करून, भरावाची भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन घटक मिसळून वापरायच्या गोंदाने) ते पूर्ण भरावे आणि ती पक्की झाल्यावर मधोमध नव्याने भोक पाडावे. त्यामुळे पिनेचा स्पर्श लाकडाला होतच नाही आणि पाणी लाकडात शिरण्याची वाट बंद होते. पिन 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असावी, आणि दोन्ही बाजूंना रबरी वॉशरवर रुंद धातूचे वॉशर बसवावेत.

सांधा खरोखरच गळत असेल, तर तो का उघडला हे आधी शोधावे. होडी वाऱ्याच्या तोंडावर चालते तेव्हा शीड तिला एका बाजूला ढकलते आणि पाण्यातील फळी तो जोर अडवते. हा सारा जोर तरफेसारखा पेटीवर येतो. होडी उलटली की ती सरळ करण्यासाठी माणूस चक्क त्या फळीवर उभा राहतो. अशा वेळी पेटीला उभी धरून ठेवते ती तिच्या वरच्या टोकाला जोडलेली आडवी बैठक. त्या बैठकीचे कोनाकृती आधार किंवा स्क्रू सैल झाले की पेटी डुलू लागते, आणि तिचे डुलणे खालच्या सांध्यावर जाऊन तो उघडतो. गळती तळाला दिसते, पण तिचे कारण बैठकीच्या उंचीवर असते. म्हणून पायथ्याला हात लावण्यापूर्वी पेटीचे वरचे टोक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ते हलत असेल तर आधी बैठक पक्की करावी. तसे न करता केलेली तळाची कोणतीही दुरुस्ती एका हंगामापलीकडे टिकत नाही. हे तपासल्याविना होडी भंगारात देणे म्हणजे शुद्ध आळस आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

सांधा उघडला की जुने स्क्रू बाहेर येतात, आणि तेव्हा बहुतेकांचा धीर सुटतो. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते आणि मागे राहतो तो तांबूस, सच्छिद्र धातू. असा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने जरा पीळ दिला की मधोमध तुटतो आणि तुटलेल्या जागी गुलाबी, भुसभुशीत पोत दिसतो. स्क्रूची ही अवस्था पाहून लाकूडही तसेच झाले असेल, असा निष्कर्ष काढू नये. टोच्याने लाकूड टोचून पाहावे; टोच्या सहज रुतला तेवढाच भाग कुजलेला समजून काढावा आणि तिथे सागाचा किंवा आयएस 710 या भारतीय मानकाच्या प्रतीच्या मरीन प्लायवूडचा तुकडा बसवावा. फर्निचरसाठी मिळणारे आयएस 303 प्रतीचे प्लायवूड इथे चालत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे किंवा 316 स्टेनलेसचे घ्यावेत.

कोकणातील मिस्त्रींविषयी मला अपार आदर आहे, तरी एका बाबतीत त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे लागते. फळ्यांच्या मचव्याच्या सांध्यात कापूस ठोकून कलफत करण्याचे त्यांचे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि मचव्याला तेच योग्य आहे; तो पाण्यात राहिला की फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. प्लायवूडची होडी अशी मिटत नाही. तिच्या सांध्यात कापूस ठोकला तर पाचर मारल्यासारखे होऊन गोंद सुटतो आणि प्लायवूडचे थर उकलतात. एका वयस्कर मिस्त्रींना मी हे खडूच्या परीक्षेसह दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हिला ठोकायची नाही, चिकटवायची." त्यानंतर त्यांनी केलेला सांधा माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा सफाईदार होता. साध्या पॉलिएस्टर रेझिनने मात्र चिकटवू नये. जुन्या लाकडावर त्याची पकड कच्ची असते. सांध्याच्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई भरून तिच्यावर काचतंतूंच्या कापडाची पट्टी दोन्ही बाजूंनी दाबून बसवावी.

या सर्व कामात घाई ही एकच गोष्ट खरी घातक आहे. इपॉक्सी ओल्या लाकडाला धरत नाही. लाकडातील ओलावा बाराएक टक्क्यांच्या खाली आल्यावरच तिला हात लावावा. दमट हवेत तिच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो, आणि तो न धुता वर दुसरा हात दिला तर तो सोलून निघतो. म्हणून किनारपट्टीवर हे काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापूर्वी उरकावे. पावसाळ्यासाठी होड्या काठावर घेताना, म्हणजे मे महिन्यात, खडूची परीक्षा करून दोष पेन्सिलने नोंदवून ठेवावेत आणि फळी काढून शेडमध्ये वेगळी ठेवावी. फळी पेटीत तशीच ठेवून होडीवर ताडपत्री टाकली की चार महिने ओल आतच कोंडते, आणि सप्टेंबरात फळी पुन्हा फुगलेली सापडते.

फळी बसवताना आणखी एक लक्षात ठेवावे. लाकडी फळी तरंगते, त्यामुळे ती आपोआप वर येते. ती खाली राहावी म्हणून पेटीत रबराचा दाब किंवा खाली ओढणारी दोरी असते. ही दोरी गायब झालेली असताना फळी खाली राहत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि पिन बदलून जातात. तळाच्या फटीला असलेल्या रबराच्या किंवा कापडाच्या पट्ट्याही पाहाव्यात. त्या फाटल्या की फटीतून पाणी कारंज्यासारखे पेटीत उसळते आणि तेही गळती म्हणून खपते. शिवाय होडी पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी तिच्या तरंगपिशव्या हवा धरतात की नाही हे बघावे आणि पहिल्या फेरीला सोबत मदतीची होडी ठेवावी.

या पत्राचे प्रयोजन घडले ते एका प्रसंगातून. एका संस्थेने शेडमधील जुन्या होड्यांचा लिलाव केला आणि त्यातील काही जळणाच्या भावाने गेल्या. त्या होड्या मी लिलावाआधी पाहिल्या होत्या. त्यातील एकीची बैठक सैल होती आणि पेटी डुलत होती, दुसरीच्या फटीत मुरूम होता. तळ टोच्याने टोचून पाहण्याची परवानगी मला मिळाली नाही, पण बाहेरून कुजलेले लाकूड कुठे दिसले नाही. त्या होड्या गेल्या त्या गेल्या. क्लब, तांत्रिक विद्यालये, महाविद्यालये आणि नौकानयन केंद्रे यांना माझी विनंती एवढीच आहे की, होडी नादुरुस्त ठरवण्याच्या कागदावर "गळकी" एवढाच शेरा न लिहिता पेटी, पिन, बैठक, फळी आणि तळ यांची स्थिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी आणि ती यादी लिलावाच्या जाहिरातीसोबत प्रसिद्ध करावी. आमच्यासारख्या सुतारकामाच्या शिक्षकांकडे असे काम शिकायला उत्सुक विद्यार्थी असतात. त्यांना अशी एक होडी मिळाली तर वर्षभराच्या प्रात्यक्षिकाची सोय होते आणि संस्थेला तिची होडी परत मिळते. ज्यांना खडूची परीक्षा प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पुण्याजवळच्या कोणत्याही शेडमध्ये येऊन ती करून दाखवण्यास मी तयार आहे. पाणी, खडू आणि चिकटपट्टी तेवढी तिथे असावी.

आपला नम्र,
एक निवृत्त सुतारकाम शिक्षक, पुणे